झोपेचं तेवढं बघ

भुसावळ,
वैशाख, रविवार

चि. सौ. वैशालीस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांच्या धंद्यासाठी ड्रायर घ्यायचा म्हणून जावईबापूंनी पाठवलेलं मशीनचं कोटेशन आणि बँकेचे कागद मिळाले. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. फोनवर तू "हो अण्णा, करते अण्णा" म्हणतेस, मागे ओम रडत असतो, कुकरची शिट्टी होते आणि बोलणं तिथंच राहतं. म्हणून पत्र. रात्री सगळं आवरल्यावर निवांत वाच. नाही, रात्री नको. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाच.

कर्जाचं आधी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी योजना २०२० साली आली, तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. निदान १० टक्के पैसे आपल्याला घालावे लागतात, उरलेलं बँक देते. तुझं कोटेशन साडेतीन लाखांचं. म्हणजे ३५ हजार तुझे आणि १ लाख २२ हजार ५०० अनुदान. ते कर्जाला जोडलेलं असतं, आधी हातात येत नाही, तेव्हा सुरुवातीचे हप्ते त्याच्या भरवशावर धरू नकोस. सध्या अर्ज घेताहेत का, ते जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन विचारायला हवं. तू जाऊ नकोस, जावईबापूंना पाठव. उन्हातान्हात स्कूटीवर तुझी आणखी एक फेरी नको.

तो मशीनवाला केळीच्या वेफरचंही मशीन घ्या म्हणतोय. आपल्या जिल्ह्याचं उत्पादन म्हणून केळीच धरलंय, रावेर-यावलचा माल दाराशी आहे, हे त्याचं खरं. पण वेफर म्हणजे दिवसभर तापलेल्या तेलाची कढई, आणि ओम आता धरून धरून उभा राहतो. या वर्षी तो विषयच नको. ड्रायर मात्र घे. तुझी आई म्हणते, उन्हात वाळलेल्या बिबड्याची चव ड्रायरला येत नाही. असेल. पण ऊन तापायच्या आत घाटा शिजवून कापडावर थापायचा म्हणून तू साडेतीनला उठतेस. ड्रायर घरात असेल तर घाटा संध्याकाळी शिजवला तरी चालेल, आणि पाऊस लागल्यावरही काम चालू राहील. माझ्या हिशेबात ड्रायरची किंमत पहाटेच्या त्या दोन तासांत वसूल आहे.

इथवर कागदाचं झालं. पुढचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

परवा चिऊचा फोन आला होता. तू आंघोळीला गेली होतीस. शाळेला सुट्टी, आंबे, शेजारच्या मांजरीची पिल्लं, सगळं सांगून झालं आणि शेवटी म्हणाली, "आबा, मम्मी गाडीवर झोपली होती. मी तिचा हात हलवला, मग उठली." कुठे, म्हणून विचारलं. म्हणाली, पाळणाघरात जाताना, मोठे ट्रक असतात तिथे. म्हणजे तुमच्या जळगावची अजिंठा चौफुली. पोरीने ते मांजरीच्या पिल्लांसारखंच सांगितलं, तिला त्यात काही वाटलं नाही. मी तुझ्या आईला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं.

वैशाली, माझी सगळी नोकरी रात्रीची गेली. मालगाडी घेऊन कधी इगतपुरी, कधी बडनेरा, कधी खंडवा. माणसाला झोप कशी लागते ते मी फार जवळून पाहिलंय. डोळे मिटतात तेव्हाच झोप लागते असं नाही. डोळे उघडे असतात, हात हँडलवर असतो, समोरचा रूळ दिसतो आणि माणूस नसतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. म्हणून आम्ही प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारायचो. मी म्हणायचो, सहायक म्हणायचा, दोघांनी हात दाखवायचा. शिवाय इंजिनात व्हीसीडी म्हणून यंत्र असतं. ड्रायव्हरने मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही तो हलला नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. एवढ्या अनुभवी माणसाचाही भरवसा रेल्वे झोपेच्या बाबतीत धरत नाही. तुझी स्कूटी तीसच्या वेगाने चालली तरी सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत पंचवीस मीटर. तिथे ब्रेक लावायला यंत्र नाही. चिऊचा हात होता.

माझ्याबरोबरचा एक ड्रायव्हर होता, तू त्याला पाहिलंयस, तुला जत्रेतला भोवरा आणून देणारा. रात्रभर गाडी नीट आणली, सही करून सुटला आणि सकाळी लुनावर घरी जाताना हायवेला उभ्या ट्रकवर गेला. घर तिथून दिसत होतं.

हे लिहायचं नव्हतं. तू आधीच दमलेली, त्यात बाप असं लिहितो. रागावू नकोस.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आलीस तेव्हा आपलं जे झालं ते मनात घर करून बसलंय. आजीची घागर भरून झाली, पंगत उठली, मग तू ओमला घेऊन झोक्यावर बसलीस आणि दोन झोके व्हायच्या आत तुझी मान कलली. सांजोरी तशीच ताटात. मी म्हटलं, असं चालायचं नाही, काहीतरी सोड. तू उठून म्हणालीस, "काय सोडू ते तुम्हीच सांगा अण्णा. नोकरी सोडू, पोरं सोडू, की बिबडे सोडू?" आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीससुद्धा. एरवी तुम्ही पोरी आखाजीला आठ आठ दिवस राहायच्या.

तेव्हापासून त्या प्रश्नाचा विचार करतोय. नोकरीचे पैसे ठरलेल्या तारखेला येतात, घराचा हप्ता त्यातून जातो, पीएफ आहे. जावईबापूंचं काम फिरतीचं. आज नंदुरबार, उद्या शिरपूर, आणि कमिशनचा भरवसा नाही. तेव्हा नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. बिबडे सोड असं तर माझ्या तोंडून यायचंच नाही. माझ्या आईने सावद्याला अंगणात बसून ज्या हाताने बिबडे थापले तो हात तुझ्यात आलाय. तीळ, लसूण किती घालायचं, घाटा चिकटायला लागला की विस्तव कधी ओढायचा, हे तिने कुणाला मापाने सांगितलं नाही. तू आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या मांडीला मांडी लावून ते शिकलीस. गेल्या महिन्यात माझ्याबरोबरच्या एका रिटायर्ड गार्डने पुण्याहून फोन केला, त्याच्या सुनेने बिबडे मागवले होते. म्हणाला, पाकिटावर तुझ्या पोरीचं नाव वाचलं आणि तळायच्या आधी तुला फोन लावला. त्या पाकिटावर तुझा अन्नसुरक्षेचा चौदा आकडी लायसन नंबर आहे. ते पाकीट मी कपाटात पेन्शनच्या कागदांजवळ ठेवलंय. तुझ्या आईला वाटतं मला कळत नाही त्यातलं. मला कळतं.

तर सोडायचं काहीच नाही. पण मग झोप कुठून आणायची?

मला आपलं लिंपस क्लबजवळचं क्वार्टर सारखं आठवतं. मी रात्रपाळी करून सकाळी यायचो. मोबाईल नव्हते, ड्युटी लागली की कॉलबॉय दारात यायचा, कॉलबुकात सही घ्यायचा. बाहेरगावी झोपायला रेल्वेची रनिंग रूम, आणि मुख्यालयाला परतलं की मोठ्या पाळीनंतर सोळा तासांची विश्रांती, असा नियमच होता. आणि तो नियम घरात पाळायची तुझी आई. खिडकीला ओला वाळ्याचा पडदा, रेडिओ बंद, मिक्सर बंद. पाट्यावर वाटायचं ते मागच्या अंगणात नेऊन. तू पायरीवर बसायचीस. चिऊएवढीच होतीस. दूधवाला आला की तोंडावर बोट ठेवून म्हणायचीस, "अण्णा झोपले, रात्री गाडी चालवायची आहे." एकदा माझे डीव्हीजनचे साहेब आले होते, त्यांनाही तू हेच सांगितलंस आणि ते हसून परत गेले. मी नोकरीत एकही सिग्नल लाल असताना ओलांडला नाही. त्यात माझी हुशारी असेल तेवढी असेल. बाकी सगळं त्या पायरीवर बसलेल्या पोरीचं होतं.

तुझ्या पायरीवर कोण बसलंय, एवढंच मी विचारतोय.

हे तुझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बायकांना रनिंग रूम नसते." आणि भाकरी थापायला उठली. तिचं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मळलेलं होतं.

आता जे सुचतंय ते लिहितो. तुला पटेल ते घे. पुण्या-नाशिकच्या ऑर्डरी तू व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या तशा घेतेस आणि पहिली ऑर्डर जाण्याआधी दहा नव्या येतात. मृग लागेपर्यंत आठवड्याचा माल ठरवून टाक, तेवढ्या ऑर्डरी झाल्या की पुढच्या आठवड्याचं नाव लिहून घ्यायचं. गिऱ्हाईक थांबतं. आपल्याकडच्या बायका वर्षाचं वाळवण एकाच बाईकडून करून घेत, त्यांना थांबायची सवय आहे. पापडाच्या लाट्या करायला आणि लाटायला ज्या दोघी येतात त्यांची रोजी वाढव आणि उडदाचं पीठ कुटायचं कामही त्यांच्याकडे दे. तू स्वतः मुसळ घेतेस, आणि वर सांगतेस की पापडखाराचं प्रमाण चुकतं. प्रमाण एकदा वजनाने लिहून भिंतीला चिकटव. संध्याकाळचे खोके ट्रॅव्हल्सवर पोचवायला रिक्षावाला लाव. त्याला दिलेले पैसे भावात धर. पाकिटामागे पाच रुपये वाढले म्हणून तुझं गिऱ्हाईक तुटायचं नाही.

आणि ज्या दिवशी साडेतीनला उठलीस त्या दिवशी चिऊला गाडीवर पुढे उभी करायची नाही. त्या दिवशी रिक्षा. यात पटेल-न पटेल असं काही नाही, हे ऐकायचं.

जावईबापूंना मी वेगळं लिहीत नाही. माणूस चांगला आहे, पोरांचं करतो, मी पाहिलंय. पण फिरतीवरून आला की तोही आडवा होतो, आणि घरात दोघं आडवे झाले की ओम तुझ्याच अंगावर चढतो. तूच त्यांना सांग की शनिवारची रात्र ओम त्यांच्याजवळ. रडला तर रडू दे. दोन शनिवार रडेल. तू दुसऱ्या खोलीत दार लावून झोप. तुला दार लावणं जड जाईल, माहीत आहे मला. तुझा दादा तापाने फणफणला होता तेव्हा तुझ्या आईला मी शेजारी पाठवून झोपवलं होतं, ती अर्ध्या तासात परत आली होती. तरीही लाव.

किती लिहिलं बघ. कर्जावर दोन पानं लिहायची होती आणि झोपेवरच चाललोय. तुला वाटेल अण्णांनी दुसरं काही वाचलंच नाही. वाचलंय. ते ड्रायरचं जे मॉडेल आहे त्यात ट्रे अल्युमिनियमचे आहेत, स्टीलचे मागून बघ. आणि वीज किती खातो ते कोटेशनमध्ये लिहिलेलंच नाही. ते लेखी घे, नाहीतर पहिल्या बिलाला छातीत धस्स होईल. आपले ३५ हजार मी देतो. परत करायचे म्हणत असशील तर कर, पण दिवाळीनंतर.

आणि एक, जे तुला विचारून करायला हवं पण विचारत नाही. शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने मी येतोय. मृगापर्यंत राहीन. म्हातारपणी मला तशीही तीनला जाग येते आणि मी गच्चीवर फेऱ्या मारतो. त्यापेक्षा घाटा ढवळीन. त्याला मनगट लागतं, ते अजून शाबूत आहे. शिजला की तुला उठवीन, थापायला. त्याआधी तू स्वयंपाकघरात यायचं नाही. सकाळी चिऊला पाळणाघरात मी चालत नेईन. तिला रस्त्यातले सिग्नल पुकारायला शिकवतो.

वरणगावच्या आत्याने घरी केलेला काळा मसाला दिलाय, तो आणतो. तुझ्या आईच्या गुडघ्याचं आता बरं आहे, पण जिने नकोत म्हणून ती पुढच्या आठवड्यात दादाबरोबर गाडीने येईल. ओमसाठी तिने झबली शिवलीत, मोठी होतील बहुतेक.

तुझे,
अण्णा

ता. क. आधार, पॅन, उद्यम नोंदणीची प्रत, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि लायसनची प्रत एका फाईलमध्ये काढून ठेव. सोमवारी मी आणि जावईबापू कृषी कार्यालयात जाऊ. तू ऑफिसला जा.