मुलं असली म्हणून जहाजाचा डौल जात नाही, बाबा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, आपण सगळ्यांनी मिळून जहाजावर सुट्टी घालवायची म्हटल्यावर परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुम्ही मुलांना घेऊन त्या घसरगुंड्यांच्या बोटीवर जा, आम्ही दोघं आमचं वेगळं, शांत जहाज बघतो." आई मागून काहीच बोलली नाही, म्हणजे तिला ते पटलं नव्हतं हे मला कळलं. पण फोनवर तुमच्याशी वाद घालायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तुमच्या डोक्यात जहाजाचं एक चित्र पक्कं बसलंय. लांबलचक जेवणघर, वरून उतरत येणारा रुंद जिना, कोपऱ्यात वाद्यवृंद, काळ्या कोटातले पुरुष, आणि कुणाचाही आवाज चढलेला नाही. त्या चित्रात एकही मूल नाही. पण त्या काळच्या जहाजांवर मुलं नव्हती असं मुळीच नाही. फ्रेंचांचं 'नॉर्मंडी' घ्या, १९३५ सालचं. पहिल्या वर्गाचं जेवणघर तब्बल ९३ मीटर लांब, एकही खिडकी नाही, सगळा उजेड लालिक या फ्रेंच काचकाराच्या काचेच्या खांबांचा. त्याच जहाजावर मुलांसाठी वेगळं जेवणघर होतं आणि त्याच्या भिंतींवर झां द ब्रुनॉफ या चित्रकाराने मुलांच्या गोष्टींतला बाबार हत्ती आणि त्याचं गणगोत रंगवलं होतं. खेळायला वेगळी खोली होती. 'क्वीन मेरी'वरही मुलांच्या खोल्या होत्या. मुलं होती, फक्त दायांच्या ताब्यात, दुसऱ्या दाराआड. खालच्या वर्गाचे उतारूही असेच दुसऱ्या दाराआड होते, हेही त्या चित्रात दिसत नाही. म्हणजे मुलांपासून सुटका झाली म्हणून तो डौल नव्हता. कोण, कुठे आणि किती वाजता, हे कुणीतरी नीट ठरवून दिलेलं होतं, म्हणून होता.

आता मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून. १९५८मध्ये अटलांटिकवरून जेट विमानं उडायला लागली आणि पलीकडे पोचायला जहाजाची गरज उरली नाही. मग जहाज हीच सुट्टी झाली. कंपन्यांनी पुढची बरीच वर्षं वयस्क, सवडीच्या माणसांवर काढली. पण एक जहाज साधारण तीस वर्षं चालवायचं असतं, आणि आजचे सत्तरीतले प्रवासी तेवढी वर्षं पुरणार नाहीत. (रागावू नका, हा त्यांचा हिशेब आहे, माझा नाही.) त्यात आणखी एक गंमत. या धंद्यात एका केबिनमध्ये दोन माणसं धरली की जहाज शंभर टक्के भरलं असं मानतात. तिसऱ्या-चौथ्या पलंगावर मूल झोपलं की आकडा शंभराच्या वर जातो. केबिन तीच, इंजिन तेच, आणि एक तिकीट जास्त. कुटुंबांच्या मागे सगळे का लागलेत, ते कळलं ना?

मग सुरू झाली चढाओढ. १९९८मध्ये डिस्नेचं पहिलं जहाज आलं. १९९९मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर बर्फावर घसरायचं मैदान आणि चढायची भिंत आली. २०००मध्ये नॉर्वेजियन कंपनीने जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि कपड्यांचे नियमच बाजूला ठेवले. आणि २०२४चं 'आयकॉन ऑफ द सीज' म्हणजे वीस डेक, सहा मोठ्या पाण्याच्या घसरगुंड्या आणि पूर्ण भरलं तर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी. बाबा, तुम्ही ज्याला "जत्रा" म्हणता ते हेच. मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण ते स्वतःबद्दल खोटं बोलत नाही. लहान मुलांच्या घरांसाठी तिथे एक अख्खा विभाग वेगळा काढलाय, तिथेच आईबापांना बसायला आणि खायला जागा आहे, म्हणजे मुलामागे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळावं लागत नाही. थोरला तिथे आठवडाभर खूश राहील. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी केबिनचं दार लावून बसाल.

मला खरी चीड येते ती मधल्यांची. ज्यांना जुने गिऱ्हाईकही दुखवायचे नाहीत आणि नवेही हवेत, त्यांची. नाव घेत नाही, पण अशा एका जहाजावर आम्ही गेलो होतो. पत्रकावर लिहिलेलं 'औपचारिक संध्याकाळ'. एका टेबलावर एक आजोबा बो टाय लावून, आणि शेजारच्या टेबलावर पोहण्याच्या चड्डीतच एक गृहस्थ, खांद्यावर टॉवेल. वाढप्यांनी दोघांनाही सारखंच हसून वाढलं. कुणाला अडवायचं नाही हे त्यांना वरून सांगितलेलं असणार. त्या आजोबांचा चेहरा बघवत नव्हता. आणि टॉवेलवाल्यालाही ठाऊक होतं की आपण चुकीच्या जागी आलोय, त्याने तरी काय सुख मिळवलं? नियम छापायचा आणि पाळायचा नाही, यात दोघांचंही जेवण बिघडतं. तिथे मुलांचा काही दोष नव्हता. गोंधळ सगळा मोठ्यांचा होता.

तुम्ही म्हणाल, मग अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत अशी जहाजं आहेत की. आहेत. व्हायकिंगची समुद्री जहाजं तशीच आहेत, त्यांच्यावर कॅसिनोसुद्धा नाही. पी अँड ओची 'आर्केडिया' आणि 'ऑरोरा' फक्त मोठ्यांसाठी आहेत. पण व्हर्जिनच्या जहाजांवरही मुलं नसतात, आणि तिथे गोंदवून घ्यायचं दुकान आहे, औपचारिक संध्याकाळ अजिबात नाही. मुलं काढली की डौल आपोआप येतो असं नाही, हे सांगण्यासाठी हा एवढा दाखला पुरे. उलट डिस्नेकडे बघा. बच्चेकंपनीसाठी बांधलेलं त्यांचं जहाज बाहेरून दिसतं १९३०च्या दशकातल्या लायनरसारखं, म्हणजे समुद्रापार उतारू नेणाऱ्या जहाजासारखं. काळपट निळं अंग, लांब निमुळतं नाक, लाल धुराडी. जीवनरक्षक बोटी पिवळ्या हव्यात म्हणून त्यांनी खास परवानगी काढली, नाहीतर त्या नारिंगी असाव्या लागतात. आणि आत फक्त मोठ्यांसाठी एक रेस्टॉरंट, तिथे नीट कपडे घालूनच जायचं. मुलांच्या कंपनीने जुन्या जहाजाचा चेहरा जपला आणि मोठ्यांच्या कित्येक कंपन्यांनी समुद्रात इमारती उभ्या केल्या, हे मला फार मजेशीर वाटतं.

आणखी एक वाट आहे, ती तुम्हाला आवडेल म्हणून आधीच नकार देते. एमएससी आणि नॉर्वेजियनच्या मोठ्या जहाजांवर वरच्या मजल्यांवर वेगळा भाग असतो. वेगळा पोहण्याचा तलाव, वेगळं जेवण, कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. म्हणजे तुम्ही दोघं वर आणि आम्ही चौघं खाली. हे तर फोनवर तुम्ही म्हणालात तेच झालं, फक्त एकाच जहाजावर.

म्हणून माझं मत क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २'कडे झुकतंय. कंपनी १८४०पासूनची, जहाज २००४चं. इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. तिथे संध्याकाळी सहानंतर नीटनेटके कपडे, आणि काही रात्री 'गाला'. तेव्हा पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट, किंवा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख. ज्याला नटायचं नाही त्यालाही हाकलत नाहीत. बुफे आणि पब त्याला मोकळे असतात, पण मोठ्या जेवणघरात आणि नाचाच्या दालनात यायचं तर नियम पाळायचा. मला हेच पटलं. टॉवेलवाल्याला जागा आहे, फक्त त्या आजोबांच्या शेजारी नाही.

आणि मुलांचं काय? खेळघर आहे, सांभाळायला शिकलेली माणसं आहेत. अगदी तान्ह्यांसाठी रात्रीचं पाळणाघरसुद्धा आहे, आईबापांना जेवायला जाता यावं म्हणून. 'नॉर्मंडी'वर हेच होतं, फरक इतकाच की आता मूल आपल्याबरोबर मोठ्या जेवणघरातही येऊन बसू शकतं. धाकटी पांढरं मेजपोस आणि तीन-तीन काटे बघून कशी गप्प होईल ते तुम्हाला बघायचंय का नाही? जिथे मोठी माणसं वेगळी वागतात तिथे मुलंही वागतात, हे मी शाळेच्या कार्यक्रमांत कितीदा पाहिलंय. थोरल्याची काळजी मला जास्त आहे. घसरगुंडी नाही म्हटल्यावर तो पहिला दिवस कुरकुरणार. पण तिथे तारांगण आहे, भलंमोठं ग्रंथालय आहे, आणि कुत्र्यांची वेगळी निवासाची सोय आहे. डेकवर कुत्रे फिरायला नेतात. एवढ्यावर तो आठवडा काढेल, न काढला तर मी आहे.

आई, तुझ्यासाठी थोडं. जहाज ३४५ मीटर लांब आहे, तेव्हा केबिन लिफ्टजवळचंच घ्यायचं. मळमळीची भीती असेल तर मधोमध आणि खालच्या डेकवर, तिथे हलणं कमी जाणवतं. हे जहाज मुळातच अटलांटिकसाठी बांधलंय, त्याचं अंग पाण्यात दहा मीटर खोल जातं, म्हणून उंच डब्यासारख्या जहाजांपेक्षा ते लाटा बरे झेलतं. तब्येत बिघडली तर दवाखाना आहे. पश्चिमेकडे जाताना घड्याळ पाचदा एकेक तास मागे जातं, म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. तुला झोपेची तक्रार आहे ना, घे. आणि मधे बंदर नसल्यामुळे रोज सकाळी बस पकडायची घाई नाही, गुडघ्यांना विश्रांती.

बाबा, दोन गोष्टी तुम्हाला आवडणार नाहीत. पहिली, मुलांच्या सुट्टीशिवाय आम्हाला निघता येणार नाही, आणि सुट्टीत इतरांचीही मुलं असणार. नोव्हेंबरात हेच जहाज तुम्हाला हवं तसं मिळालं असतं. कोणत्याही जहाजाचं वातावरण जितकं कंपनीवर असतं तितकंच तारखेवर असतं, हे पुढच्या वेळी फक्त तुम्ही दोघं जाल तेव्हा लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट पैशाची नाही, टेबलाची आहे. क्युनार्डवर तुम्ही कुठलं केबिन घेता त्यावर तुमचं जेवणघर ठरतं. वरच्या प्रतीच्या सूटवाल्यांना, म्हणजे मोठ्या, ऐसपैस केबिनवाल्यांना 'ग्रिल', बाकीच्यांना 'ब्रिटानिया'. तुम्ही आईला खूश करायला स्वतःसाठी मोठं सूट घ्याल आणि आम्हाला साधं केबिन, हे मला दिसतंय. तसं केलंत तर सात रात्री आपण वेगवेगळे जेवू. तेव्हा सगळ्यांना एकाच प्रतीची केबिनं, आणि यावर चर्चा नाही. मोठं सूट न घेतल्याने वाचलेल्या पैशांत तुम्ही तुमचं ते डिनर जॅकेट शिवून घ्या, भाड्याचं नको, खांद्यात कधीच बसत नाही.

रविवारपर्यंत मला हो-नाही कळवा, कारण शेजारशेजारची केबिनं आधी संपतात. आई, 'ब्रिटानिया'त जेवणाच्या दोन पाळ्या असतात, लवकरची आणि उशिराची. त्यातली कोणती ते तू ठरव, बाबांना विचारू नकोस. ते ऐटीत उशिराची म्हणतील आणि सात वाजता भूक लागली म्हणून केबिनमध्ये बिस्किटं शोधतील.

तुमची लेक