शेवट ठाऊक असूनही जागणारे प्रेक्षक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील नवोदितांच्या कथा मी नेमाने वाचतो. त्यांतील पुष्कळ कथा शेवटच्या दोन ओळींतील धक्क्यासाठीच लिहिलेल्या वाटतात, आणि तो धक्का बसावा म्हणून पात्राच्या मनात काय चालले आहे तेच वाचकापासून झाकून ठेवलेले असते. ही खोड मलाही होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात मी माझी एक कथा वाचून दाखवली. मुंबईहून आलेल्या मुलाला आई घर विकल्याचे सांगत नाही, अशी ती गोष्ट होती. वाचन संपल्यावर पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "शेवट माका आधीच कळलो होतो. पण त्या बायेक काय वाटला, ता तू सांगलंसच नाय." त्यानंतर ती कथा मी पुन्हा लिहिली, आणि घर विकल्याची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकली.

खरे तर हा धडा आम्हा सिंधुदुर्गातल्या माणसांना दशावतार या आमच्या लोकनाट्याने केव्हाच द्यायला हवा होता. जत्रेतल्या त्या प्रयोगाला परंपरेने लिहिलेली संहिता नसते. आख्यान आणि प्रवेशांचा क्रम आधी ठरतो, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. अभिमन्यू चक्रव्यूहातून परतणार नाही हे समोर बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक असते, तरीही पत्नी उत्तरेचा निरोप घेताना तो अडखळतो तेव्हा मांडवात शांतता पसरते. तिचे म्हणणे खरे असते आणि त्याचेही, त्यामुळे प्रत्येक उत्तरागणिक त्याचे निघणे अधिक कठीण होत जाते. प्रेक्षक त्या ओढाताणीसाठी जागतात. प्रेक्षक गुंतले आहेत असे दिसले की कसलेला नट तो प्रवेश लांबवतो, चुळबूळ सुरू झाली की आवरता घेतो. टेबलाशी एकटा बसलेल्या लेखकाला ही सोय नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही पाहण्यासारखी आहे. तिथे पोथीतले एकेक चित्र समोर धरून कथा गायली जाते, आणि त्या चित्रातला प्रसंग सांगून झाल्याशिवाय पुढचे चित्र येत नाही. कथेत कुठे थांबावे आणि कुठून पुढे सरकावे, हे मला तिथे जितके उमगले तितके कोणत्याही व्याख्येतून उमगले नाही. मी गेलो होतो त्या एका कार्यशाळेत दोन दिवस कथानक आणि उत्कर्षबिंदू यांच्या व्याख्या फळ्यावर लिहिल्या गेल्या, परंतु एकही कथा मोठ्याने वाचली गेली नाही.

म्हणून आपल्यामार्फत कोकणातील वाचनालयांना विनंती आहे, की त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अप्रकाशित कथांच्या वाचनासाठी राखून ठेवावी. लेखकाने शेवटाच्या अलीकडे थांबावे, पुढे काय होईल ते श्रोत्यांना विचारावे, आणि त्यांनी ते अचूक ओळखले तरी उरलेली कथा त्यांना ऐकायची आहे का, हेही विचारावे.

आपला नम्र,
एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग