नको म्हटलेल्या झाडांबद्दल आभार

प्रिय मावशी,

तुमच्या डोंगरात थोरल्या बाईला, रक्ताचं नातं असो वा नसो, ‘आन्ट’ म्हणायची जुनी रीत आहे. म्हणून मावशी. पत्र मराठीत आहे. इंग्रजी मजकूर तुमच्या शेजाऱ्यांकडे दिलाय, ते वाचून दाखवतील. जाहीरपणे लिहायचं कारण असं की इथल्या, नॉर्थ कॅरोलिनातल्या मराठी मंडळींत ॲपलॅचियाचं, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखाचं, नाव निघालं की कोळशाच्या खाणी, बँजो आणि ऑक्टोबरातले लाल-पिवळे डोंगर एवढ्यावर गाडी थांबते. फार तर कुणी ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या पर्यटन-रस्त्यावरच्या दुकानातली टोपली हातात घेतं, किंमत बघतं आणि परत ठेवतं. त्या टोपलीत काय काय गेलेलं असतं ते तुम्ही उलगडून दाखवलंत, त्याचे हे आभार. उच्चार सुधारल्याचेही. ‘ॲपलेशा’ म्हणणारा माणूस बाहेरचा, घरचा माणूस ‘ॲपलॅचा’ म्हणतो, हे आता पक्कं बसलंय.

तुमच्या शिकवणीत सुरी तिसऱ्या दिवशी येते. आधीचे दोन दिवस रानात फिरायचं आणि ‘हे नको’ म्हणायचं. सगळ्यात मोठे आभार या दोन दिवसांचे.

टोपलीला व्हाइट ओक लागतो, पण कुठलाही चालत नाही. छातीच्या उंचीला 5 ते 8 इंच जाडीचा, म्हणजे लहानातला लहान दोन वितींच्या घेरात जेमतेम मावणारा. बुंध्यापासून 5-6 फुटांत फांदी नको, फांदी गळून गेल्याची खूणसुद्धा नको, कारण खूण सालीवर पुसट दिसली तरी गाठ आत शाबूत असते. सालीच्या भेगा सरळ वर गेलेल्या हव्यात. त्या खोडाभोवती वळत असतील तर आतले धागेही वळलेलेच, आणि चिरलेला तुकडा विमानाच्या पंख्यासारखा पिळवटून हातात येतो. कललेलं झाड नको. त्याचा मध्य एका अंगाला सरकलेला असतो, वरच्या अंगाचं लाकूड ताणात वाढलेलं असतं, आणि तिथली पट्टी सुकताना वाकडी होते. डोंगराच्या धारेवरचंही नको. तिथं माती पातळ, वारा फार, वाढ इतकी सावकाश की वलयं एकमेकांना चिकटून बसतात आणि पट्टी वाकवताच तडकते. हवं ते घळीतलं, शक्यतो उत्तर किंवा पूर्व उतारावरचं, जिथं शेजारच्या झाडांच्या सावलीत ओकाला उजेडासाठी सरळ वर धावावं लागतं आणि खालच्या फांद्या कोवळ्या वयातच झडतात. एका वर्षाचं वलय दीड ते 3 मिलिमीटर जाड असलं की उत्तम. पण ते झाड पाडल्याशिवाय दिसत नाही. ते उतारावरून, मातीवरून, शेजारी कोण उभं आहे त्यावरून ओळखायचं.

आणि इथंच तिथं वाढलेला माणूस आणि आमच्यासारखे शिकाऊ यांच्यातला फरक कळतो. वसंतात रॅम्प नावाची रानकांद्याची पात खुडायला, शरदात जिन्सेंगची मुळं खणायला, चुकलेली गाय हुडकायला जे मूल त्या घळींत हिंडलंय, त्याच्या डोक्यात नकाशा तयार असतो. कुठल्या ओढ्याच्या वर कोणती झाडं आहेत, कुठं बर्फ उशिरा वितळतं, कुठली वाट पावसात बंद होते. पुढं ते मूल टोपल्या विणो, खुर्च्या करो की डल्सिमर हे तंतुवाद्य बनवो, कच्चा माल निवडायचं अर्धं काम बाराव्या वर्षापर्यंत झालेलं असतं. याला कुणी ‘परंपरेचा वारसा’ वगैरे म्हणतं तेव्हा तुम्ही भुवया उंचावता. बरोबरच आहे. ही पायपीट होती.

आता चिराईबद्दल. खोड ओलं असतानाच फोडायचं. लगेच जमणार नसेल तर टोकं मेणानं बंद करून सावलीत, नाहीतर सरळ ओढ्यात बुडवून ठेवायचं. सुकलं की टोकापासून तडे आत शिरतात. फ्रो म्हणजे काटकोनात दांडा बसवलेलं बोथट पातं. ते टोकावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकायचं. नियम एकच, तो तुम्ही पाढ्यासारखा म्हणून घेतलात: नेहमी निम्मं. अर्ध, पाव, आठवा भाग. दोन्ही बाजूंना सारखं लाकूड असलं तर भेग मधोमध चालते. एक बाजू जाड राहिली तर भेग पातळ बाजूकडे पळते आणि अर्ध्यातच बाहेर निघते. तशी पळायला लागली की घाबरून पातळ बाजू ओढाविशी वाटते, आणि तिथंच काम बिघडतं. वाकवायची ती जाड बाजू. ज्या बाजूला वाक जास्त, त्या बाजूला भेग परत येते.

पुढं तुकड्याचा तपकिरी गाभा वेगळा काढायचा. विणायच्या पट्ट्यांना बाहेरचं फिकट लाकूड लवचीक पडतं. गाभ्याचं लाकूड टोपलीच्या सांगाड्याला, म्हणजे फासळ्यांना आणि कड्यांना जातं. शेव्हिंग हॉर्सवर, म्हणजे पायानं दाबून लाकूड पकडणाऱ्या घोडीवर बसून, दोन मुठींच्या सुऱ्यानं तुकडा असा तासायचा की त्याची रुंद बाजू वलयाला समांतर येईल. मग तो उभा धरून टोकाला जाडीच्या बरोबर मध्यावर सुरी टेकवायची, वसंतातल्या वाढीच्या रेघेवर. ओकाच्या प्रत्येक वलयात वसंतात वाढलेला थर मोठमोठ्या छिद्रांचा, भुसभुशीत असतो आणि उन्हाळ्यातला घट्ट. पट्टी सुटते ती त्या भुसभुशीत रेघेवर. आपल्याकडचा बुरूड कामट्या काढतो त्या बांबूला वलयंच नसतात, त्यामुळे त्याला ही रेघ शोधायची भानगड नाही.

सुरी दोन बोटं आत गेली की तिचं काम संपलं. आता हात. तुकडा गुडघ्यांत धरायचा, सुटलेल्या दोन पाकळ्या दोन मुठींत, अंगठे आत, तर्जन्यांची पेरं भेगेच्या तोंडाशी एकमेकींना टेकलेली. ओढायचं नाही, उलगडायचं. कोरं कापड फाडल्यासारखा आवाज यायला हवा, संथ आणि अखंड. ‘कट्’ असा आवाज आला की धागा तुटला. दर चार बोटांवर थांबून दोन्ही कडांची जाडी बघायची. पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं, असं करत पट्टी एक मिलिमीटरच्या आसपास आली की मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यावर पट्टी, वर सुरी स्थिर. सुरी हलवायची नाही, खालून पट्टी ओढायची. सुरी हलवली तर जागोजाग पातळ चट्टे पडतात आणि टोपली पुढं तिथंच फाटते.

एक बारीक गोष्ट, जी तुम्ही सांगितली नसती तर आमची सगळी टोपली वाया गेली असती: ओल्या ओकाला लोखंड टेकून राहू द्यायचं नाही. ओकातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड भेटलं की निळाकाळा डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. सुरी प्रत्येक वेळी पुसायची. पट्ट्या भिजवायच्या त्या प्लास्टिकच्या किंवा एनॅमल शाबूत असलेल्या घमेल्यात.

अंड्याच्या टोपलीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिची नक्कल सगळीकडे दिसते आणि बहुतेक नकला बघायलाच बऱ्या असतात. तिचं दुसरं नाव आकारावरून पडलंय. मराठीत कुल्ल्यांची टोपली म्हणावं लागेल. सारख्या मापाची दोन कडी एकमेकांत काटकोनात बसवायची. एक आडवं, तो काठ. दुसरं उभं, त्याचा वरचा भाग मूठ आणि खालचा भाग टोपलीच्या पोटाखालून जाणारा कणा. म्हणजे ओझं सांध्यावर येतच नाही, अखंड कड्यावर येतं. नकलेत मूठ वेगळी करून काठाला खोचलेली असते. ती पहिल्या पाच किलोंना निसटते. कडी ओली असतानाच वाकवायची, टोकं तिरपी तासून एकावर एक बांधायची आणि साच्यात काही आठवडे सुकू द्यायची. घाई केली की कडं पुढं हळूहळू पिळतं आणि टोपली जमिनीवर डुगडुगते.

कडी जिथं एकमेकांना छेदतात तिथं पट्टीची चौकोनी वीण घालत डोळ्यासारखी नक्षी येते. ती शोभेची वाटते. खरं काम तिच्या मागं. तिच्या आतल्या खाचांत फासळ्यांची पेन्सिलीसारखी तासलेली टोकं बसतात. मधल्या फासळ्या कड्यापेक्षा लांब ठेवायच्या, त्या लांबीमुळंच पोटाला दोन फुगवटे येतात. अंडी दोन्हीकडे वाटली जातात, मध्ये ढीग होत नाही, आणि टोपली कमरेवर किंवा खेचराच्या पाठीवर नीट टेकते. विणकाम दोन्ही डोळ्यांपासून मध्याकडे आणायचं. फासळ्यांतलं अंतर बोटभर झालं की मध्ये नवी फासळी. काठ आणि कणा आधी भरतात, फुगवट्यावर डोळ्याच्या आकाराची फट उरते. ती अर्ध्यातून परतणाऱ्या छोट्या ओळींनी भरायची. नवशिके ती फट दाबून दाबून मिटवायला जातात आणि फासळ्या वाकवून बसतात. सुकलेली पट्टी 15-20 मिनिटं भिजली की पुरते. रात्रभर भिजवली तर ती फुगते, फुगलेली घट्ट विणली जाते, आणि सुकल्यावर विणीतून उजेड दिसायला लागतो.

टोपलीचं माप हेही तुमच्यामुळे कळलं. बुशेल म्हणजे सुमारे 35 लिटर, पेक त्याचा चौथा हिस्सा. आपल्या पायली-शेरासारखं: भांडं हेच माप. दुकानदाराला टोपली देऊन त्या बदल्यात घरसामान आणायचं तर टोपली मापाला खरी उतरायला हवी. गरजेनं लावलेली ही शिस्त आजही तुमच्या हातात दिसते, विकत घेणारा त्यात फक्त वाळकी फुलं ठेवणार असला तरी.

कारण गिऱ्हाईक मध्येच बदललं. फ्रान्सिस गुडरिच यांनी ॲलनस्टँडमध्ये विणकामाला बाजार मिळवून दिला, लूसी मॉर्गन यांनी 1923 मध्ये पेनलंडच्या बायकांचे माग पुन्हा चालू केले, ब्रासटाउनला 1925 मध्ये जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूल निघालं, 1930 मध्ये सदर्न हायलँड क्राफ्ट गिल्ड हा कारागिरांचा संघ. 1934 मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झालं, पाठोपाठ पार्कवेचं काम सुरू झालं आणि मोटारीतून पर्यटक आले. या मंडळींचे उपकार मोठे, पण ‘अस्सल डोंगरी’ काय आणि काय नाही हे ठरवायचा मक्ताही बाहेरून आलेल्यांकडे गेला, ही तुमची तक्रार आम्हाला पटते. टोपल्या लहान होत गेल्या, कारण मोटारीत मोठी मावत नाही. उद्यानाच्या हद्दीतली घरं उठली आणि तिथल्या घळीतलं झाड तोडायची सोय राहिली नाही. इथल्या मूळनिवासी चेरोकी कारागिरांनी 1946 मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्युच्युअल. किंमत आणि दर्जा आपल्या हातात ठेवायचा हा मार्ग आम्हाला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. त्यांची नदीकाठच्या ‘रिव्हर केन’ नावाच्या बांबूची दुहेरी वीण बघा असं तुम्ही आवर्जून सांगितलंत: आतली आणि बाहेरची अशा दोन टोपल्या एकाच काठात गुंफलेल्या. रंग झाडांचेच. काळ्या अक्रोडाचा तपकिरी, ब्लडरूट या रानफुलाच्या मुळाचा केशरी, बटरनट या अक्रोडाच्या भाऊबंद झाडाचा काळा. बटरनट आता रोगानं दुर्मीळ झालंय.

ओकाचंही पुढं सोपं नाही. बर्बन व्हिस्कीला कायद्यानं दर वेळी ओकाचं नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं, त्यामुळे मोठ्या खोडांना मागणी आहेच. पण तुमची अडचण लहान झाडांची आहे. रानात वणवे लागायचे थांबले, सावलीत तग धरणारे मेपल माजले, आणि त्यांच्याखाली ओकाची रोपं उजेडाविना मरतात. सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळानंतर लोक म्हणाले, एवढी झाडं पडली, आता लाकूडच लाकूड. पडलेल्या खोडात वाऱ्यानं वाकून धागे बरेचदा आतल्या आत मोडलेले असतात, हे तुम्ही एक फळी उलगडून दाखवलंत. भेग चार बोटं गेली आणि ‘कट्’. पुन्हा तेच: हे नको.

आमची कडी अजून साच्यात आहेत, काढायची घाई करणार नाही. येत्या ऑक्टोबरात काळ्या अक्रोडाची हिरवी सालं दोन बादल्या भरून तुमच्या पडवीत आणून ठेवू. बादल्या प्लास्टिकच्या आहेत, काळजी नसावी.

तुमचे,
नॉर्थ कॅरोलिनातले मराठी शिकाऊ