पऱ्हाटीच्या खतावर वाढलेल्या रोपांसाठी, काकाजी, तुमचे आभार

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

मौद्याच्या माझ्या रोपवाटिकेतून यंदा मिरची, वांगी आणि टमाटरची रोपं गेली, ती तुम्ही शिकवलेल्या मिश्रणात वाढलेली. फोनवर आभार मानले, पण तेवढ्यानं मन भरलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

98 कप्प्यांचा ट्रे भरायचा तर कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाच, अशी आम्हा रोपवाटिकावाल्यांची समजूत. ते येतं थेट तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडून, वर भाड्याचा खर्च. आणि इथे कापूस वेचून झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली वाळकी झाडं, बांधावर पेटते, राईस मिलच्या मागे धानाच्या तुसाचे ढीग लागतात. या दोन्हींकडे रोपाचं अन्न म्हणून बघायला तुम्ही शिकवलंत.

नुसतं मिश्रण सांगून तुम्ही थांबला नाहीत, त्यामागचं कारण सांगितलंत, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. पऱ्हाटीत कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. ती कच्ची असताना ट्रेमध्ये भरली तर कुजवणारे जिवाणूच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. म्हणून आधी तिचे बारीक तुकडे करायचे, शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) आणि थोडा युरिया टाकून ढीग लावायचा, ओल टिकवायची, अधूनमधून पलटी द्यायची. आतली उष्णता 55 अंशांवर जाऊन काही दिवस टिकली की बरेचसे रोगजंतू मरतात. अर्धवट उघडलेल्या बोंडांत दडलेली गुलाबी बोंडअळीसुद्धा त्यात संपते. ढीग थंड होऊन त्याला मातीचा वास आला की चाळायचं आणि मगच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगांना आवर घालणारी उपयोगी बुरशी, मिसळायचं, कारण त्या उष्णतेत तेही जगत नाही.

तुसाचंही तसंच. पांढरी राख होईपर्यंत जाळलं तर सामू (pH) चढतो. काळं झालं की लगेच पाणी मारून विझवायचं, म्हणजे ते हलकं आणि सच्छिद्र राहतं, मुळांना हवा मिळते. उन्हाळ्यात इथला पारा 45 वर जातो, तेव्हा ओल धरायचं काम खताचं आणि जादा पाणी सोडून द्यायचं काम या तुसाच्या कोळशाचं.

प्रत्येक नव्या ढिगातलं थोडं मिश्रण कपात भरून आधी मेथी किंवा मुळा पेरून बघायचा, ही तुमची सवय आता माझीही झाली आहे. बी नीट उगवलं, मुळं पांढरी दिसली, तरच मिरचीचं महागडं बी त्यात जातं.

कोकोपीट मी अजून पूर्ण सोडलेलं नाही. पाणी धरून ठेवण्यात ते आजही सरस आहे, हे तुम्हीही मोकळेपणानं मान्य केलंत. पण माझ्या ट्रेमधला त्याचा वाटा बराच उतरला आहे.

तुम्ही हे सगळं पैसे न घेता शिकवलंत. ढिगाशी उभं राहून, हात घालून दाखवलंत. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बायांनाही त्याच आदरानं समजावलंत. आता त्याच ढीग लावतात आणि वास घेऊन सांगतात की अजून थांबा, पिकलं नाही.

पुढच्या खेपेला सोयाबीनच्या कुटारावर (मळणीनंतरच्या भुश्यावर) धिंगरी अळंबी (ऑयस्टर मशरूम) घेऊन झाल्यावर जे उरतं, ते कुजवून बघायचं ठरवलं आहे. ढीग लागला की फोन करते. काकूंनाही सोबत आणा, वांग्याची रोपं तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहेत.

आपली,
मौद्याची रोपवाटिकावाली