न आलेल्या फोनची नोंद

महोदय,

रुग्णालयात चुकीचं औषध दिलं गेल्याची बातमी आली की तिच्यात 'परिचारिकेचा निष्काळजीपणा' हे शब्द ठरलेले असतात. कधी कधी ते खरेही असतात. पण त्या औषधाची ऑर्डर कोणाच्या हस्ताक्षरात होती आणि ती लिहिण्याआधी डॉक्टरांशी कोणी बोललं होतं का, हे बातमीत सहसा येत नाही. मी अठरा वर्षं वॉर्डात आहे, त्यातली निम्मी नाइट ड्युटीत गेली. म्हणून हे पत्र.

केसपेपरवर 'टी.ओ.' अशी दोन अक्षरं असतात. टेलिफोन ऑर्डर. डॉक्टर हजर नसतील तर त्यांनी फोनवर सांगितलेलं औषध नर्सने लिहून घ्यायचं, पुन्हा वाचून दाखवायचं, त्यांचं 'बरोबर' आलं की वेळ टाकून सही करायची आणि ठरलेल्या मुदतीत डॉक्टरांनी खाली आपली सही करायची. वाचून दाखवणं ही नुसती औपचारिकता नव्हे. फोनवर 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत फारसा फरक ऐकू येत नाही, म्हणून आम्ही 'वन फाइव्ह' की 'फाइव्ह झीरो' असं आकडे फोडून विचारतो. पद्धत चांगली आहे. फक्त तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे फोन झालेला असतो.

अनेकदा तो झालेलाच नसतो. "एवढ्याशासाठी उठवायचं नाही", "तेच सांगणार आहेत, लिहून टाक, सकाळी सही घेऊ", "तुम्हाला एवढंही कळत नाही का, सिस्टर?" ही वाक्यं न ऐकलेली नर्स मला अजून भेटायची आहे. दबाव नेहमी डॉक्टरांकडूनच येतो असंही नाही. डॉक्टर एकदा फोनवर खेकसले की पुढचं काम इनचार्ज सिस्टर करतात आणि त्यांच्यानंतर आमची आम्हीच एकमेकींना समजावतो. कोणी लेखी सांगत नाही. लेखी उरते ती फक्त आमची सही.

एका रात्रीचं सांगते. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा दोनच्या सुमारास बडबडायला लागले. सलाईनची नळी ओढत होते, पलंगावरून पाय खाली टाकत होते. मुलगा म्हणाला, "झोपेचं इंजेक्शन द्या ना काहीतरी." इनचार्ज म्हणाल्या, "अगं, परवाच्या पेशंटला दिलं होतं ना सरांनी? तेच लिही टी.ओ." औषध मला माहीत होतं, डोसही माहीत होता. तरी दोन चाळीसला फोन केला, खरं तर त्या दिवशी मी इनचार्जवर रागावलेले होते म्हणून. सर पहिल्यांदा ओरडलेच. मग दोन सेकंद गप्प झाले आणि म्हणाले, "लघवी कधी झाली होती?" मी कागद पाहिला. संध्याकाळपासून नोंद नव्हती. पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली घट्ट गोळा. कॅथेटर घातला, जवळजवळ नऊशे मिली लघवी निघाली आणि आजोबा इंजेक्शनाशिवाय सकाळपर्यंत झोपले.

हे मला आधी सुचायला हवं होतं, यात वाद नाही. पण मी त्या रात्री ऑर्डर लिहून मोकळी झाले असते, तर ती वरून अगदी डॉक्टरांच्या ऑर्डरसारखीच दिसली असती. तेच औषध, तोच डोस. तिच्यात नसता तो फक्त लघवीबद्दलचा प्रश्न. "डॉक्टर तेच सांगणार" असं म्हणणाऱ्यांना एवढंच दाखवायचं आहे. औषधाचं नाव आम्हालाही पाठ असतं. ऑर्डर म्हणजे ते नाव लिहिण्याआधी कोणीतरी त्या माणसाचा विचार केलेला असणं.

आता दुसरी बाजू, कारण मी काही धुतल्या तांदळाची नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ताप आलेल्या एका बाईंना मी पॅरासिटामॉल एक ग्रॅम, दर सहा तासांनी, असं टी.ओ. लिहिलं. फोन केला नव्हता. तापाला पॅरासिटामॉल, यात विचारायचं काय? मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची मर्यादा, ती माझ्या ऑर्डरनेच गाठली. आणि त्यांना दुखण्यासाठी जी गोळी आधीपासून चालू होती, तिच्यातही पॅरासिटामॉल होतंच. दुसऱ्या दिवशी फार्मसिस्टच्या लक्षात आलं, बाईंना काही झालं नाही. माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. डॉक्टर म्हणाले, "मी असं सांगितलंच नव्हतं." ते शंभर टक्के खरं होतं. ज्या सिस्टरनी मला 'लिही' म्हटलं होतं, त्यांना मात्र तसं काही म्हटल्याचं आठवेना.

आता बऱ्याच ठिकाणी कागद जाऊन कॉम्प्युटर आला. ऑर्डर टाकताना तो विचारतो: तोंडी, टेलिफोन की प्रोटोकॉल (म्हणजे डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेली सूचना)? यादीतून डॉक्टरांचं नाव निवडायचं आणि पुढे जायचं. पूर्वी खोटी नोंद करताना निदान हाताने लिहावं लागायचं, हात थोडा थांबायचा. सकाळी डॉक्टरांच्या पुढ्यात अशा दहा-पंधरा ऑर्डरी सहीसाठी येतात आणि चहा निवायच्या आत सगळ्या एकदम मंजूर होतात. पुढे काही बिनसलं तर मात्र मिनिटासकट सगळं सापडतं: दोन चाळीसची ऑर्डर आहे, दोन चाळीसचा कॉल नाही.

१९६६ साली अमेरिकेत हॉफलिंग नावाच्या मनोविकारतज्ज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. वॉर्डात एका अनोळखी 'डॉक्टर'चा फोन येतो आणि तो नर्सला एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगतो. बाटलीवर १० च्या वर देऊ नये असं छापलेलं. अनोळखी डॉक्टरची फोनवरची ऑर्डर घ्यायची नाही, असा रुग्णालयाचा नियमही होता. २२ पैकी २१ जणी औषध घेऊन निघाल्या. गोळ्या साखरेच्या होत्या आणि त्यांना वाटेतच थांबवलं गेलं. नर्सिंगच्या वर्गात हा प्रयोग नर्स किती मुकाट ऐकतात हे दाखवायला शिकवतात. मला दरवेळी वाटतं, तिथे निदान फोन तरी आला होता.

गैरसमज नको म्हणून लिहिते, प्रत्येक गोष्टीला फोन करा असं माझं म्हणणं नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर काय द्यायचं याचा लेखी प्रोटोकॉल असतो, त्यावर डॉक्टरांनी आधीच विचार करून सही केलेली असते. तिथे फोनसाठी थांबणंच चूक. पेशंटचं हृदय बंद पडलं असताना डॉक्टर शेजारी उभे राहून ओरडून सांगतात आणि आम्ही लिहितो, तेही योग्यच. काही देशांत जादा शिक्षण घेतलेल्या नर्सना स्वतःच्या नावाने औषधं लिहिण्याचा अधिकार आहे, तो आम्हाला मिळाला तर मला आनंदच होईल. पण तेव्हा नाव माझं असेल. आज अक्कल माझी, नाव त्यांचं आणि खुलासा पुन्हा माझा.

व्यवस्थापनांना शक्य असलेल्या गोष्टी साध्या आहेत. वारंवार लागणाऱ्या औषधांचे प्रोटोकॉल लिहून द्या, म्हणजे निम्मे फोन आपोआप कमी होतील. रात्री डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर पुढचा कोणाला करायचा, ते नाव तक्त्यावर असू द्या. आणि डॉक्टरमंडळींनो, सकाळी सही करण्यापूर्वी एकदा आठवून पाहा, हे आपण सांगितलं होतं का? नसेल तर सही करू नका. आमची पंचाईत होईल, होऊ द्या. दोन-चार दिवस बोंब होईल आणि पाचव्या रात्री फोन येऊ लागतील.

आमच्या वॉर्डात फोनच्या वर एक चिठ्ठी होती: 'रात्री अत्यावश्यक असेल तरच डॉक्टरांना फोन करावा.' अत्यावश्यक म्हणजे काय ते लिहिलेलं नव्हतं. खाली सही नव्हती, तारीख नव्हती. कोणी लावली म्हणून विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही सगळ्या ती पाळत होतो. गेल्या आठवड्यात मी ती काढली. भिंतीवर चिकटपट्टीचा चौकोन राहिला आहे.

– एक परिचारिका