कृमींची आठवण आणि अझाइडचा थेंब

महोदय,

‘आईबापांचा धडा लेकरांना उपजतच येतो’ अशा थाटाच्या विज्ञानबातम्यांत सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या कृमीचा दाखला हमखास असतो. दाखला खोटा नाही. पण तो ज्या बारकाव्यांवर उभा आहे, नेमके तेच बातमीत गळतात.

हा कृमी म्हणजे पोटातला जंत नव्हे. जेमतेम 1 मिलिमीटर लांबीचा, 302 चेतापेशींचा, कुजक्या फळापानांवरचे जिवाणू खाऊन जगणारा जीव. स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जिवाणूचा पीए14 हा वाण कृमीच्या जिवावर उठतो, तरी सुरुवातीला कृमीला तोच आवडतो! त्याच्यासोबत 24 तास काढले की मात्र कृमी पाठ फिरवतो. इथवर वाद नाही. ही नावड पुढच्या 4 पिढ्या टिकते आणि पाचवीत पुसली जाते, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील कोलीन मर्फी यांच्या गटाने 2019 मध्ये मांडले. कारण सापडले 2020 मध्ये: जिवाणूचा पी11 नावाचा छोटा आरएनए (अक्षरांच्या साखळीसारखा जनुकीय रेणू). त्यातली 16 अक्षरे कृमीच्या माको-1 या जनुकाशी जुळतात आणि ते जनुक दबते. पी11 बनवणारा ई. कोलाय हा निरुपद्रवी जिवाणू खाऊ घातला तरी कृमी पीए14 टाळू लागतात. म्हणजे धडा शिकायला आजारी पडावेच लागते असे नाही.

पुढे हार्वर्डच्या एका गटाला ही नावड पहिल्या पिढीपलीकडे दिसली नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेला ती दुसऱ्या पिढीतही दिसली. दोन्ही निबंध 2025 चे. वाद पद्धतीवरून आहे. चाचणीच्या बशीत एकीकडे ई. कोलायचा ठिपका, दुसरीकडे पीए14 चा. तासाभराने दोन्हींवरचे कृमी मोजायचे. ई. कोलायवरच्या संख्येतून पीए14 वरची वजा करून बेरजेने भागायचे. 30 आणि 70 आले तर उत्तर उणे 0.4, म्हणजे ओढा पीए14 कडे. गोम अशी की कृमी त्या तासाभरातही शिकतो: पीए14 चाखून उठतो आणि पलीकडे जातो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर सोडियम अझाइड या विषारी रसायनाचा थेंब टाकतात; कृमी पोहोचताक्षणी लुळा पडतो आणि पहिली निवड नोंदली जाते. हार्वर्डच्या गटाने अझाइडऐवजी बशी थंड करून कृमी थांबवले. मर्फी यांचा मुख्य आक्षेप यावरच आहे, आणि आम्हाला तो रास्त वाटतो.

तापमानाचेही तसेच. पीए14 बशीवर 25 अंश सेल्सिअसला वाढवला तर पी11 पुरेसा बनतो. 15 अंशांना वाढवला तर धडाच मिळत नाही. आणखी एक: पिल्लांपर्यंत जिवाणू पोहोचू नयेत म्हणून मातांना ब्लीचमध्ये विरघळवून फक्त अंडी घेतात. ही पायरी नीट झाली नसेल, तर वारसा कुठला आणि संसर्ग कुठला, हे सांगता येत नाही.

अशी बातमी छापताना किती पिढ्या, कोणते तापमान आणि अझाइड होते की नाही, एवढे तीन तपशील द्यावेत. आणि हे निष्कर्ष कृमींचे आहेत. मथळ्यात माणसांची लेकरे आणू नयेत.