अण्णा, मागचं फाटक उघडलं

तीर्थस्वरूप अण्णा यांस,
शि. सा. नमस्कार.

शाल-श्रीफळ नको, सोसायटीच्या कार्यक्रमात खुर्चीवर बसवून सत्कार नको, हे तुम्ही दोनदा निक्षून सांगितलंत. पत्राला मात्र नाही म्हणाला नव्हता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहिते आहे. बडोद्याच्या चारी बाजूंना नव्या टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंगच्या नगररचना योजना, पडताहेत, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातली घरं सोडून आपली माणसं तिकडे राहायला जाताहेत. नव्या वस्तीत पायी फिरायची जुनी वाट कशी राखायची, हे तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते त्यांनाही कळायला हवं.

आम्ही इथे, शहराच्या कडेच्या या सोसायटीत, आलो तेव्हा सासूबाईंचं वय एक्क्याऐंशी होतं. दांडिया बाजारात असताना त्या रोज सुरसागर तळ्याला फेरी मारत, रविवारी कमाटीबागेत जात. इथे सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून हिरवीगार शेतं दिसायची. फ्लॅट घेताना आम्हाला तीच तर दाखवली होती. पण खाली उतरून त्या शेतांकडे जायला वाट नव्हती. मागे आठ फुटी भिंत, पुढे भरधाव रस्ता. सासूबाई पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून काठी टेकत फेऱ्या मारायच्या. कॉमन प्लॉट होता, पण त्यावर अर्धं लॉन, त्यावर "लॉनवर चालू नये" अशी पाटी, आणि उरलेल्या अर्ध्यात लग्नाच्या मांडवाचे बांबू.

तुम्ही बी विंगच्या बाकावर बसला होतात. मी सहज म्हटलं, "मागे नुसतं जंगल आहे, नाहीतर तिकडे तरी नेलं असतं." तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जंगल नाही बाई ते. नेळियुं आहे."

त्या एका शब्दापासून सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आलात. डायनिंग टेबलावर ती उलगडली, चारी कोपऱ्यांवर माझे मेथी-मोहरीचे डबे ठेवलेत. गावाचा जुना नकाशा, त्याच्यावर ट्रेसिंग पेपर. भिंग धरून तुमचं बोट एका तुटक रेघेवरून निघालं: गावाच्या पादरापासून, म्हणजे वेशीपासून, शेतांच्या मधून, तळावाच्या पाळीला वळसा घालून, गौचराच्या, म्हणजे गायरानाच्या, कडेनं. आपल्या भिंतीपाशी येऊन ते थांबलं. "ही रेघ भिंतीखाली जात नाही. भिंत रेघेवर आली आहे." मी पन्नाशी ओलांडलेली बाई, बँकेत आयुष्यभर कागदच पाहिले, पण नकाशा वाचायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

ज्यांना नेळियुं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही बाजूंना थोराचं, म्हणजे निवडुंगासारख्या काटेरी झाडाचं, उंच कुंपण आणि मधून खोल गेलेली गाडीवाट. बैलगाड्यांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्यानं पिढ्यानपिढ्या ती खोल होत जाते. आत पाऊल टाकलं की पिठासारखी धूळ घोट्यापर्यंत येते. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत सावली असते. सातभाईंचा कलकलाट, मध्येच शेळ्यांच्या लेंड्या, एखाद्या वावळाची मुळं मातीतून उघडी पडलेली. आमच्या नेळियात तिसऱ्या वळणावर रायणीचं, म्हणजे खिरणीचं, जुनं झाड आहे, मे महिन्यात खाली पिवळा सडा पडतो.

मग तुम्ही आम्हाला टीपी समजावून दिलीत. चाळीस वर्षं नगररचनेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून काढल्यामुळे तुम्हाला ती पाठ होती. शेतकऱ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातला भाग रस्ते-सोयींसाठी कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन चौकोनी फायनल प्लॉट पाडून परत करायची. मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून चालत आलेली ही रीत, गुजरातेत आता १९७६ च्या कायद्यानं चालते. त्या कायद्यात कपातीची वाटणीही साधारण ठरलेली आहे: रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानं-मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना ५, दुर्बल घटकांच्या घरांना १० आणि विकून खर्च भागवण्यासाठी १५.

तुम्ही माझ्याच हातात पेन्सिल देऊन हिशोब करायला लावलात. शंभर हेक्टरची टीपी धरली तर बागांना पाच हेक्टर. तिथे दहा हजार माणसं राहायला आली तर माणशी पाच चौरस मीटर. आमच्या न्हाणीघराएवढी जागा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. आणि ही पाच टक्केसुद्धा कुठे पडतात ते तुम्ही दाखवलंत. आमच्या ड्राफ्ट नकाशात बागेचे चार प्लॉट होते: एक हाय टेन्शन लाइनखाली, एक कांसेच्या, म्हणजे पाण्याच्या नाल्याच्या, कडेला त्रिकोणी, दोन लांबच्या कोपऱ्यात. एकमेकांशी कशाचा संबंध नाही. नेळियुं तर नव्हतंच. प्लॉट चौकोनी करताना वाकडी वाट पुसली जाते, त्यात कुणाचा दुष्टावा नसतो, पट्टीनं रेघ मारणाऱ्याला ती अडचण वाटते, असं तुम्ही म्हणालात. "मीही पुसल्या आहेत," हेही तुम्हीच म्हणालात. तेव्हा तुमचा आवाज बारीक झाला होता. मला वाटतं, इतक्या वयात इतकी धावपळ तुम्ही का केलीत त्याचं उत्तर तिथे आहे.

ड्राफ्ट प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्यात वांधे-सूचना, म्हणजे हरकती आणि सूचना, देता येतात. आमच्या हातात एकोणीस दिवस होते. तुम्ही अर्ज लिहिलात तो दीड पानाचा. त्यात रडगाणं नव्हतं, कुणावर आरोप नव्हता. मागणी एकच होती: बागेची जमीन वाढवून देऊ नका, पण तिचे तुकडे उचलून नेळियाच्या कडेला एका ओळीत ठेवा, आणि नेळियुं रस्ता म्हणून आहे त्या वळणांसकट राखा. म्हणजे सोसायटीतून निघालेला माणूस बागेतून वाटेला लागेल आणि वाटेनं तळावापर्यंत, गौचरापर्यंत जाईल. सोबत ट्रेसिंग जोडलं. त्यावर रायणीचं झाड होतं, विहीर होती, कांस होती.

सही गोळा करायला मी आणि ए विंगमधल्या दोघी फिरलो. गावात मात्र तुम्ही स्वतः गेलात. पादरावर बसून, गुजरातीत, चहा पीत. शेतकऱ्यांच्या सह्या आमच्या सह्यांच्या वर असल्या पाहिजेत, असा तुमचा आग्रह होता. त्या वेळी मला तो समजला नाही.

सुनावणीत सगळं मिळालं नाही. चारपैकी दोन प्लॉट हलले, हाय टेन्शनखालचा तिथेच राहिला. नेळियुं वाचलं, एक वळण सरळ झालं. बिल्डरनं भिंतीत चार फुटी फाटक काढून दिलं, त्यालाही पाच महिने लागले. तुम्ही म्हणालात, "रायण वाचली ना? मग झालं."

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. फाटक झाल्यावर कमिटीत ठराव आला की त्याला कुलूप लावावं, चावी वॉचमनकडे असावी, गावातल्या कुणाला आत येऊ देऊ नये, आणि वाटेवर पेव्हर ब्लॉक टाकून दिवे लावावेत. त्या ठरावावर माझी सही होती. सासूबाईंचा पाय धुळीत मुरगळेल, अंधारात भीती वाटेल, असा विचार करून मी केली होती. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मला नेळियात घेऊन गेलात आणि कडेला उभं केलंत. समोरून म्हशी येत होत्या, मागे भरवाडाचा पोरगा, पाठीवर गवताचा भारा घेतलेल्या दोन बायका. आम्ही थोराला टेकून अंग चोरून उभे राहिलो. त्या बायकांतली एक हसली आणि म्हणाली, "फरवा आव्या, बेन?" म्हणजे, फिरायला आलात का, ताई? तुम्ही एवढंच बोललात: "यांच्या येण्याजाण्यानं ही वाट जिवंत आहे. ब्लॉक टाकलेत तर म्हशी घसरतील, मग या यायच्या थांबतील, मग एक दिवस इथे पार्किंग होईल." मी घरी येऊन सही मागे घेतली. कुलूप आजही नाही. सोसायटीच्या दुकानात गावातलं दूध आणि भाजी येते, ती त्याच फाटकातून.

नदीची गोष्टही सांगायलाच हवी. आपल्याकडच्या तरुण मंडळींचा हट्ट होता की वाट पुढे कोतरातून, म्हणजे नदीकाठच्या घळींतून, थेट विश्वामित्रीच्या काठापर्यंत न्यावी, तिथे बसायला बाकं टाकावीत, सूर्यास्त पाहावा. तुम्ही एकटे विरोधात. पावागढच्या डोंगरात उगम पावून आपल्या शहराच्या मधून जाणाऱ्या या नदीत शेकडो मगरी आहेत, भर वस्तीत. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि राखत बसते. तिथे रोज शे-दोनशे माणसं आणि कुत्री गेली तर एक तर ती जाईल, नाहीतर कुणावर तरी धावून येईल. तुमचं म्हणणं, माणसांना फिरायला दुसरी चांगली जागा द्या म्हणजे ती नदीला त्रास द्यायला जाणार नाहीत.

हे मी माझ्या भाच्याला फोनवर सांगितलं. तो इंग्लंडमध्ये बर्कशायरला असतो. तो म्हणाला, मावशी, इथे हेच नियमानं करतात. त्याच्या भागात थेम्स बेसिन हीथ्स नावाचे झुडपी माळ आहेत, तिथे रातव्यासारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात. लोक कुत्री घेऊन फिरायला गेले की पक्षी उठतात आणि अंडी थंड पडतात. म्हणून माळाच्या ४०० मीटरच्या आत सहसा नवी घरं होऊ देत नाहीत. पाच किलोमीटरपर्यंतच्या नव्या घरांसाठी वेगळी नैसर्गिक मोकळी जागा द्यावी लागते, दर हजार माणसांमागे किमान आठ हेक्टर, आणि तिच्यात सव्वादोन-अडीच किलोमीटरची, फिरून पुन्हा सुरुवातीला आणून सोडणारी वाट असावी लागते. हजार माणसांना आठ हेक्टर म्हणजे माणशी ऐंशी चौरस मीटर. आपले पाच. पण मला त्या आकड्यापेक्षा अडीच किलोमीटरची गंमत वाटली, कारण तुम्ही पेन्सिलीनं आखलेली फेरीही, फाटक, नेळियुं, तळावाची पाळ, गौचराची कड, कांसेचा काठ आणि पुन्हा फाटक, माझ्या फोनवर मोजली तर अडीचच्या आतबाहेर भरते. तुम्ही ते पुस्तक वाचून आखलं नव्हतं. सासूबाई किती चालू शकतील आणि संध्याकाळच्या दिव्याच्या वेळेपर्यंत घरी पोचतील का, एवढंच पाहिलं होतं. त्या पहिल्या निम्म्यातूनच परततात, पण पूर्ण फेरी आहे हे त्यांना ठाऊक असतं.

गौचरावर टिटवी अंडी घालते हे कळल्यावर मार्चपासून पावसापर्यंत कुत्र्यांना दोरी बांधूनच न्यायचं, हा नियम आपल्या मुलांनीच केला. फाटकावर पाटी त्यांनी रंगवली आहे, मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या पार्किंगमध्ये पाणी आलं, ते आठवलं की अजून छातीत धस्स होतं. कितीतरी सोसायट्यांत मगरी शिरल्या होत्या त्या दिवसांत. पाणी ओसरल्यावर तुम्ही गुडघ्यापर्यंत चिखलात कांसेच्या काठानं चालत गेलात आणि कुठे मलबा टाकून तोंड बुजवलं आहे ते मोजून आणलंत. पुढचा अर्ज त्याचाच. नेळियुंही पावसात ओढ्यासारखं वाहतं, दोन महिने तिथून जाता येत नाही. तक्रार आली तेव्हा तुम्ही म्हणालात, पाण्यालाही जायला वाट लागते, दोन महिने ती त्याला द्या. ती तक्रार पुन्हा आली नाही.

लहानपणी वडील कमाटीबागेत नेत तेव्हा सांगायचे, ८ जानेवारी १८७९ ला ही बाग लोकांसाठी खुली झाली, सयाजीराव महाराज तेव्हा सोळाही वर्षांचे नव्हते. शंभराहून अधिक एकर जमीन, नदीच्या दोन्ही काठांवर, ऐन शहरात. आमच्या तीन पिढ्या त्या बागेत वाढल्या आणि आम्हाला कधी वाटलं नाही की ती कुणीतरी ठरवून ठेवली म्हणून आहे. आता वाटतं. आपल्या चार फुटी फाटकातून जाताना रोज वाटतं.

सासूबाईंना काल विचारलं, अण्णांना काय लिहू? त्या म्हणाल्या, लिही की पायाला धूळ लागते.

तुमचं भिंग अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. रविवारी सकाळी घेऊन येते, सोबत यंदाची पहिली रायणं.

आपली,
ए विंग, सहावा मजला
बडोदे